आज्ञा आणि प्रश्न : महदंबेच्या रचनेतील लिंगभाव व सत्तासंबंध

१

महदंबेचा 'आद्य मराठी कवयित्री' असा उल्लेख केल्याखेरीज प्राचीन मराठी वाङ्मयेतिहासाचे कोणतेही पुस्तक पुढे सरकत नाही. आणि तो उल्लेख करून झाला की बहुतेक पुस्तके पुढे सरकतात. 'आद्य' या विशेषणाने तिला कालक्रमात मानाचे स्थान मिळाले, परंतु तिच्या रचनेला प्रश्न विचारण्याची गरज मात्र त्याच विशेषणाने संपुष्टात आणली. जी पहिली आहे ती महत्त्वाची आहे, एवढ्यावर आपण थांबलो. तेराव्या शतकातील एका विधवा स्त्रीला बोलण्याचा अधिकार कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला आणि त्या अटींच्या आत राहून तिने काय साधले, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या चौकटीबाहेरचे मानले गेले. प्रस्तुत निबंधात त्याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

या विचाराला एक पद्धतीविषयक अडचण आहे, ती आरंभीच नोंदविली पाहिजे. महदंबेविषयी आपल्याला जे माहीत आहे ते प्रामुख्याने 'लीळाचरित्र', 'गोविंदप्रभुचरित्र' व 'स्मृतिस्थळ' या महानुभाव ग्रंथांतून. हे ग्रंथ पुरुषांनी सिद्ध केले आहेत. पहिल्या दोहोंचा कर्ता म्हाइंभट. तिसऱ्याचे संकलन नागदेवाचार्यांनंतरच्या अनुयायांनी केलेले. महदंबेचे 'धवळे' तिचे स्वतःचे आहेत, पण तेही संप्रदायाच्या हस्तलिखितांतूनच आपल्यापर्यंत आले. म्हणजे तिचा आवाज जिथे ऐकू येतो तिथे तो नेहमीच कोणाच्या तरी लेखणीतून ऐकू येतो. यावरून दोन टोकाचे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा आवाज तिचा नव्हेच, असे एक टोक. मध्यस्थ पारदर्शक आहे, सबब सारे तिचेच, असे दुसरे. दोन्ही टोके टाळून मध्यस्थीलाच अभ्यासविषय करणे, हा येथे स्वीकारलेला मार्ग आहे.

या मार्गावर एक तुलना उपयोगी पडेल असे वाटते. स्पॅनिश भाषेच्या वाङ्मयात सोर हुआना इनेस दे ला क्रूझ हिच्या लेखनावर लिंगभाव आणि सत्ता यांच्या संदर्भात विपुल विचार झाला आहे. सतराव्या शतकातील मेक्सिकोच्या या जोगिणीच्या आणि रिद्धपूरच्या महदंबेच्या दरम्यान चार शतके आणि दोन महासागर आहेत. त्यांच्यात कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. परंतु धर्मसंस्थेच्या आश्रयाने, आणि धर्मसंस्थेच्या आज्ञेने, बोलणारी स्त्री हा प्रश्न दोघींच्या बाबतीत एकच आहे. त्या साम्यापेक्षा त्यातून दिसणारे भेदच अधिक बोलके आहेत.

२

रिद्धपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले गाव. महानुभावांच्या दृष्टीने ते गोविंदप्रभूंचे, म्हणजेच गुंडम राऊळांचे, क्षेत्र. चक्रधरस्वामींचे हे गुरू लोकांच्या नजरेला वेडे वाटत. रूढ शिष्टाचाराची कोणतीही मर्यादा त्यांच्या वागण्याला नसे. चक्रधरांच्या भ्रमंतीची वऱ्हाडातील ठिकाणे याच परिसरात विखुरली आहेत: अमरावती जिल्ह्यातील सालबर्डी, अकोला जिल्ह्यातील आलेगाव आणि पातूर, बुलढाण्याकडील मेहकर व लोणार. सालबर्डीच्या डोंगरात चक्रधरांना भेटलेली मुक्ताबाई लीळाचरित्राच्या 'एकांक' भागात येते. केस-नखे वाढलेली, रानातल्या कंदमुळांवर जगणारी ही तापसी कोणत्याही पंथाची नाही, कोणाची शिष्या म्हणून ती तिथे गेलेली नाही. संप्रदायाबाहेरही स्त्रीच्या आध्यात्मिक सामर्थ्याला या प्रदेशात जागा होती, एवढे तिच्यावरून कळते. मात्र त्या सामर्थ्याची किंमत समाजापासून संपूर्ण तुटणे ही होती. तिची एकही ओळ आपल्याकडे नाही.

महदंबेची वाट वेगळी आहे. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेली, बालपणीच वैधव्य आलेली, नागदेवाचार्यांच्या नात्यातली ही स्त्री प्रथम दादोसांच्या अनुयायांत होती. तेथून ती चक्रधरांकडे आली. चक्रधरांच्या उत्तरापंथी प्रयाणानंतर ती रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. विधवेला त्या काळच्या उच्चवर्णीय घरात उपलब्ध असलेले आयुष्य पाहता संप्रदायातील प्रवेश हा तिच्यासाठी केवळ धार्मिक निर्णय नव्हता. तो राहण्याच्या जागेचा, सोबतीचा, हिंडण्याफिरण्याचा आणि बोलण्याचा निर्णय होता. वैधव्याने जे काढून घेतले होते त्यातील पुष्कळसे संन्यासाने वेगळ्या नावाने परत दिले.

परंतु ते देणाऱ्या व्यवस्थेची स्त्रीविषयक भूमिका एकजिनसी नव्हती. महानुभाव विचाराच्या स्त्रीवादी गौरवात ही गोष्ट सहसा सुटते. एका बाजूला चक्रधरांची प्रसिद्ध लीळा आहे. पुरुष साधकांचा जीव तो जीव आणि स्त्रियांचा काय 'जीवुली', असा उलट प्रश्न तीत त्यांनी केला. हा प्रतिवाद व्याकरणाच्या आधाराने केलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत 'जीव' पुल्लिंगी आहे. त्याचे स्त्रीलिंगी, लघुत्वदर्शक रूप बनवून दाखवताच ते हास्यास्पद ठरते. भाषेतील लिंगभेद तत्त्वाला लागू करता येत नाही, हे त्यांनी भाषेच्याच साह्याने सिद्ध केले. विटाळाविषयीची लीळा याच दिशेची आहे. देहाच्या नऊ द्वारांतून मळ जातात, तसाच हाही एक देहधर्म, अशी त्यांची मांडणी आहे. शुद्धाशुद्धतेच्या ज्या कल्पनेवर स्त्रीच्या धार्मिक अनधिकाराची इमारत उभी होती तिचा पायाच येथे काढून घेतला जातो.

दुसऱ्या बाजूला 'सूत्रपाठा'तील आचारप्रकरण आहे. इतर मादक द्रव्ये सेवन केल्यावर माजवितात, स्त्री मात्र दर्शनानेच माजविते, असा इशारा तेथे साधकाला दिलेला आहे. हा साधक कोण? तो अर्थातच पुरुष आहे. आचारसूत्रांचा संबोधित पुरुष असल्याने स्त्री तेथे श्रोता राहत नाही, विषय होते. आणि विषय झाली की ती धोका होते. तत्त्वज्ञानाच्या पातळीवर जीवाला लिंग नाही, आचाराच्या पातळीवर मात्र संन्याशाला लिंग आहे. या दोन विधानांतील विसंवाद मिटवण्याचा प्रयत्न संप्रदायाने केला नाही आणि आपणही तो करू नये. महदंबा बोलली ती याच फटीतून.

३

लीळाचरित्राच्या वाचकाला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते: कितीतरी लीळांचा उगम महदाइसेच्या विचारण्यात आहे. ती विचारते आणि सर्वज्ञ सांगतात. तिच्या या सवयीची कीर्ती संप्रदायात टिकून राहिली. जिज्ञासू, चर्चा करणारी, धर्मवार्ता जतन करणारी 'म्हातारी' अशी तिची प्रतिमा उत्तरकालीन ग्रंथांनी जपली आहे.

गुरुशिष्यसंवादात प्रश्न विचारणारा हा रचनेच्या दृष्टीने दुय्यम असतो. उत्तर देणाऱ्याला अधिकार असतो. विचारणाऱ्याला नसतो, म्हणून तर तो विचारतो. उपनिषदांतील गार्गीला प्रश्नांची मर्यादा ओलांडल्याबद्दल मस्तक गळून पडण्याची भीती घालण्यात आली होती. त्या परंपरेच्या पार्श्वभूमीवर महदंबेचे विचारणे पाहिले म्हणजे त्यातील वेगळेपण कळते. तिला कोणी थांबवीत नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. महानुभावांचे तत्त्वज्ञान ग्रंथरूपाने सांगितले गेलेले नाही. चक्रधरांनी ग्रंथ लिहिला नाही. प्रसंगाप्रसंगाने ते जे बोलले त्याच्या आठवणींतून लीळा आणि सूत्रे सिद्ध झाली. अशा व्यवस्थेत प्रश्न हा निरूपणाचे निमित्त तर असतोच, पण कशाविषयी निरूपण व्हावयाचे हेही तोच ठरवितो. तत्त्वाचा कोणता भाग बोलला जाणार आणि कोणता अनुच्चारित राहणार, यावर विचारणाऱ्याचे नियंत्रण असते. उत्तर तिचे नव्हे; परंतु त्या उत्तराचा विषय तिने निवडलेला आहे. ज्या शास्त्राचे कर्तृत्व तिला कोणी दिले नाही, त्याच्या विषयसूचीत तिचा हात आहे.

याचाच पुढचा टप्पा 'स्मृतिस्थळा'त दिसतो. चक्रधरांनंतर संप्रदायात संस्कृतज्ञ पंडितांचा भरणा झाला. त्यांनी नागदेवाचार्यांशी संस्कृत वळणाने प्रश्नोत्तरे करू पाहिली, तेव्हा आचार्यांनी आपल्याला स्वामींनी मराठीतच निरूपण केले, तेच विचारा, असे सांगून त्यांना परतविले. केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा त्याने आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया नागवल्या जातील, हे कारण त्यांनी दिले. मराठी भाषेच्या अभिमानाचा दाखला म्हणून हा प्रसंग सतत उद्धृत होतो. परंतु आचार्यांचे कारण भाषाभिमानाचे नाही. त्यांच्यासमोर विशिष्ट श्रोतृवर्ग आहे, आणि तो स्त्रियांचा आहे. मराठी ही धर्मभाषा झाली याचे एक प्रमुख कारण त्या मंडळीत विचारणाऱ्या, ऐकणाऱ्या व स्मरणात ठेवणाऱ्या वृद्ध स्त्रिया बसलेल्या होत्या, हे होय. मराठी गद्याच्या आरंभाचा इतिहास लिहिताना या स्त्रियांना कृपेच्या लाभार्थी म्हणून पाहण्याची पद्धत आहे. त्या भाषानिर्णयाच्या कारण होत्या, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

येथे आक्षेप घेता येईल. शेवटी निर्णय आचार्यांचाच होता. स्त्रियांनी त्याची मागणी केल्याची नोंद नाही. हा आक्षेप रास्त आहे. सत्ता कोणाकडे होती याविषयी संदिग्धता नाही. परंतु सत्ताधाऱ्याला आपला निर्णय कोणाकडे पाहून घ्यावा लागतो, हेदेखील सत्तेच्या स्वरूपाचे एक अंग आहे. स्त्रियांची उपस्थिती गृहीत धरणे भाग पडले, इतका त्यांचा त्या मंडळीत भार होता.

४

आता 'धवळ्यां'कडे वळू. धवळा म्हणजे विवाहप्रसंगी वराला उद्देशून गायचे गीत. गोविंदप्रभूंनी रिद्धपुरात विवाहाची क्रीडा मांडली आणि त्या प्रसंगी त्यांच्या आज्ञेवरून महदंबेने धवळे गायिले, अशी परंपरा आहे. गोविंदप्रभूंचे देहावसान १२८७ च्या सुमारास झाले. तेव्हा धवळ्यांचा पूर्वार्ध त्याआधीचा ठरतो. उत्तरार्ध नंतरचा असून त्याच्या पूर्ततेत इतरांचाही हात असल्याचे परंपराच सांगते. रुक्मिणीहरणाच्याच कथेवरील 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' हे प्रकरणही तिच्या नावावर आहे.

या प्रसंगातील एका गोष्टीकडे समीक्षेचे द्यावे तितके लक्ष गेलेले नाही. महदंबा विधवा होती. विवाहमंडपात विधवेला स्थान नाही. मंगलगीत गाणे, हळद लावणे, ओवाळणे ही सारी सुवासिनींची कामे. लग्नाच्या गाण्यांची परंपरा स्त्रियांची खरी, परंतु सर्व स्त्रियांची नव्हे. स्त्रियांच्या या सांस्कृतिक क्षेत्रातही एक सत्ताक्रम आहे आणि त्याच्या तळाशी विधवा आहे. पुरुषांच्या ज्ञानव्यवहारातून स्त्री म्हणून वगळलेली महदंबा स्त्रियांच्या गीतव्यवहारातून विधवा म्हणून वगळली गेली असती. रिद्धपूरच्या त्या मांडवात तिला धवळे गाण्यास सांगण्यात आले, तेव्हा हे दुसरे वगळणे रद्द झाले. वर 'वेडा' होता म्हणून हे घडू शकले. रूढी ज्याला लागू होत नाही अशा नवरदेवाच्या लग्नात रूढीने अमंगल ठरवलेली स्त्री मुख्य गायिका होते. ही क्रीडा होती, खरे लग्न नव्हते, असे म्हणून तिचे महत्त्व कमी करता येणार नाही. खेळात जे करून पाहता येते ते व्यवहारात अशक्य असते, म्हणूनच तर खेळ मांडावा लागतो.

रचनेचा विषयही या दृष्टीने पाहिला पाहिजे. रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तिचे कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी, आजच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिचे हरण केले, असे स्थानिक परंपरा मानते. म्हणजे रिद्धपूरच्या मंडळीला ही कथा दूरच्या पुराणातली नव्हती, ती शेजारच्या गावच्या लेकीची होती. या लेकीचे लग्न तिचा भाऊ रुक्मी स्वतःच्या राजकीय सोयीने शिशुपालाशी ठरवितो. ती ते मान्य करीत नाही. ब्राह्मणाकरवी कृष्णाला निरोप पाठविते आणि आपल्याला कोठून न्यावे याचीही व्यवस्था सुचविते. भागवतकथेचा हा कणा आहे. स्त्रीचा निरोप हाच येथे कथेचा चालक आहे. नायकाचे पराक्रम त्या निरोपानंतरचे, किंबहुना त्या निरोपामुळेच घडलेले.

हाच विषय महानुभाव कवींना पुढे वारंवार खुणावीत राहिला. नरेंद्राने १२९२ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. ते काव्य आपल्या नावे करावे ही रामदेवराव यादवाची इच्छा कवीने मानली नाही, अशी आख्यायिका आहे. भास्करभट्टांचे 'शिशुपालवध' शृंगारप्रधान म्हणून संप्रदायातील ज्येष्ठाने ते निवृत्तांच्या योग्यतेचे नव्हे, असा अभिप्राय दिला, हेही प्रसिद्ध आहे. या दोन आख्यायिका महदंबेच्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहाव्यात. नरेंद्राचा संघर्ष कर्तृत्वाच्या नावाविषयी आहे, भास्करभट्टांचा रसाविषयी. दोघांपुढेही सत्ता उभी आहे, राजाची किंवा संप्रदायाची. पण ती त्यांना कवी म्हणून गृहीत धरून बोलते. महदंबेच्या बाबतीत सत्ता तिला कवी म्हणून संबोधीत नाही. ती तिला गायला सांगते. विदग्ध काव्याचा मान तिच्या रचनेसाठी कोणी मागितला नाही. तिनेही मागितला नाही. घरगुती तपशील, लग्नघरातील लगबग, साधी वाक्यरचना आणि गाण्याच्या ओघात सैल होणारा छंद ही धवळ्यांची वैशिष्ट्ये टीकाकारांनी कधी कौतुकाने, कधी किंचित उपकारबुद्धीने नोंदविली आहेत. ही वैशिष्ट्ये त्या गीतप्रकाराची आहेत, कवयित्रीच्या मर्यादेची नव्हेत. पंडिती काव्याच्या निकषांवर मोजून धवळ्यांना 'भाबडे' ठरविणे म्हणजे ओवीला श्लोक न झाल्याबद्दल दोष देणे होय.

५

सोर हुआनाचा जन्म १६४८ चा (काही अभ्यासक १६५१ मानतात). १६६९ मध्ये ती मेक्सिको शहरातील सान हेरोनिमोच्या मठात दाखल झाली. विवाहाविषयी पूर्ण अनिच्छा आणि अभ्यासाची ओढ ही त्या निर्णयामागची कारणे तिने स्वतः नमूद केली आहेत. मठ हा तिचा ग्रंथालयाचा मार्ग होता. तिच्या कवितांचा संग्रह १६८९ मध्ये माद्रिदला छापला गेला, तेव्हा अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर तिची कीर्ती होती. १६९० मध्ये तिने एका प्रख्यात जेझुइट धर्मोपदेशकाच्या प्रवचनावर केलेली टीका पुएब्लाच्या बिशपाने प्रसिद्ध केली आणि सोबत एक पत्र जोडून तिला ऐहिक विद्येचा नाद सोडण्याचा उपदेश केला. पत्राखाली सही होती 'सोर फिलोतेआ' या जोगिणीची. म्हणजे स्त्रीला गप्प करण्यासाठी धर्मसत्तेने स्त्रीचे नाव धारण केले. १६९१ मध्ये सोर हुआनाने या बनावट भगिनीला जे उत्तर लिहिले ते स्त्रीच्या ज्ञानाधिकाराचा एक श्रेष्ठ दस्तऐवज मानले जाते. पुढे तिने आपला ग्रंथसंग्रह सोडला आणि १६९५ मध्ये साथीत आजारी जोगिणींची शुश्रूषा करताना तिचा अंत झाला.

या उत्तरातील दोन मुद्दे आपल्या विषयाशी थेट भिडतात. पहिला मुद्दा स्वयंपाकघराचा. स्वयंपाक करतानाही आपल्याला निसर्गाची रहस्ये उमगतात आणि अॅरिस्टॉटलने रांधले असते तर त्याने अधिक लिहिले असते, अशा आशयाचे तिचे विधान विख्यात आहे. सेवेचे, घरकामाचे जे क्षेत्र स्त्रीच्या बौद्धिकतेच्या विरोधात उभे केले जाते, तेच तिने ज्ञानाचे क्षेत्र म्हणून पुढे केले. गोविंदप्रभुचरित्रातील महदंबाही रांधते, वाढते, राऊळांचे लहरी हट्ट पुरविते. तिच्या चरित्रात सेवा आणि चर्चा अशा दोन वेगळ्या खोल्या नाहीत. फरक एवढाच, की सोर हुआनाला या एकतेचे समर्थन करावे लागले. महदंबेकडे ते कोणी मागितले नाही.

दुसरा मुद्दा आज्ञेचा. आपण बहुतांशी इतरांच्या सांगण्यावरून लिहिले, स्वतःच्या आवडीने म्हणाल तर 'स्वप्न' नावाची एक रचना, असे सोर हुआना म्हणते. तिच्याआधी आव्हिलाच्या तेरेसानेही आपले आत्मचरित्र गुरुजनांच्या आज्ञेने लिहिल्याचे सांगितले होते. तरीही ते हस्तलिखित धर्मन्यायालयाने ताब्यात घेतलेच. 'मला सांगितले म्हणून मी लिहिले' हे विधान नम्रतेचे दिसते. प्रत्यक्षात ते परवानापत्र आहे. ज्या व्यवस्थेत स्त्रीचे स्वेच्छेने बोलणे हा अपराध ठरतो, तेथे आज्ञा हे बोलण्याचे एकमेव सुरक्षित कारण असते. महदंबेच्या धवळ्यांमागील आज्ञेची कथाही याच प्रकारे वाचता येईल. परंपरेने ती कथा गोविंदप्रभूंचे माहात्म्य सांगण्यासाठी जतन केली. तिने मात्र एका विधवेच्या मंगलगीताला कायमचे संरक्षण दिले.

परंतु येथे भेदही स्पष्ट केला पाहिजे. मेक्सिकोतील धर्मसत्ता सुसंघटित होती. तिच्याकडे छापखाना होता, न्यायालय होते, पदांची उतरंड होती; म्हणून तिची आज्ञा देताही येत होती आणि मागेही घेता येत होती. रिद्धपूरची मंडळी ही प्रस्थापित धर्मसत्तेच्या विरोधात उभी राहिलेली, स्वतःच संकटात असलेली एक लहान जमात होती. चक्रधरांविरुद्ध उठलेल्या विरोधात स्त्रिया त्यांच्याभोवती जमतात, हीदेखील एक तक्रार होती, असे संप्रदायाचे ग्रंथ सांगतात. स्त्रियांच्या उपस्थितीची किंमत या मंडळीने बाहेर मोजलेली असल्याने आत त्यांना गप्प करण्याचे कारण तिच्याजवळ कमी होते. यावरून एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. धर्मसंस्था जोपर्यंत सत्तेबाहेर असते तोपर्यंत तिच्यात स्त्रीच्या प्रश्नाला जागा असते. ती स्वतः सत्ता झाली की त्या जागेचे नियमन सुरू होते. महदंबेनंतरच्या शतकांत महानुभाव वाङ्मयात तिच्या तोडीचे स्त्रीचे नाव ठळकपणे पुढे येत नाही, हा योगायोग नसावा.

६

जतन करण्याचा इतिहास हाही सत्तेचाच इतिहास असतो. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून तिची पुनर्रचना झाली. या कामी दामोदर पंडितांची पत्नी हिराइसा हिच्या पाठांतराचा आधार लाभला, असे परंपरा मानते. मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथाच्या टिकण्यात एका स्त्रीच्या स्मृतीचा वाटा असावा आणि तिचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नसावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे हे सारे वाङ्मय सांकेतिक लिपीच्या कुलुपात गेले. या लिपीने त्याचे रक्षण केले. परंतु तिच्या किल्ल्या महंतांकडे होत्या, आणि त्यामुळे महदंबा सहा शतके मराठी समाजाला अपरिचित राहिली. मराठीत लिहिण्याचे कारण ज्या सामान्य स्त्रिया होत्या, त्यांच्याच लेकी-नातींना ते वाङ्मय न वाचता येण्याजोगे झाले. नागदेवाचार्यांनी संस्कृतबाबत जी भीती व्यक्त केली होती ती मराठीतच, वेगळ्या मार्गाने, खरी ठरली.

विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल केली. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि वा. ना. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, अमरावतीत अध्यापन केलेले वि. भि. कोलते या वैदर्भीय संशोधकांनी संहिता उजेडात आणल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. 'आद्य कवयित्री' ही पदवी याच काळातली. मराठीचे प्राचीनत्व आणि विदर्भाचे वाङ्मयीन स्थान सिद्ध करण्याच्या त्या वातावरणात ती पदवी स्वाभाविक होती. मात्र तीत अभिमान भाषेचा होता, प्रदेशाचा होता. स्त्रीविषयीचा प्रश्न तीत नव्हता. पुढे अॅन फेल्डहाउस यांच्या अनुवादांनी आणि अभ्यासाने संप्रदायातील स्त्रियांच्या स्थानाचा विचार अधिक नेमका केला. 'गोविंदप्रभुचरित्रा'चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९८४ चा, तर शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत केलेला 'स्मृतिस्थळा'चा अनुवाद १९९२ चा.

याच वऱ्हाडात, महदंबेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हे पुस्तक लिहिले. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात झालेली शिक्षा आणि त्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर उठलेली टीका, हे त्याचे निमित्त. तेथे कोणाची आज्ञा नाही. पुरुषांनी स्त्रीला दोष द्यावा आणि त्या दोषाचे कारण स्वतःच व्हावे, हा ताराबाईंचा युक्तिवाद सोर हुआनाच्या एका प्रसिद्ध कवितेतही आहे. दोघींना एकमेकींची वार्ता असण्याचे कारण नाही. विनाआज्ञा बोलण्याची किंमतही ताराबाईंनी मोजली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनःप्रकाशित करेपर्यंत ते पुस्तक विस्मृतीत होते. त्यांचे दुसरे पुस्तक आपल्याला ठाऊक नाही. आज्ञेने बोललेली महदंबा लिपीत बंदिस्त झाली आणि आज्ञेविना बोललेल्या ताराबाई छापील पुस्तकासह नाहीशा झाल्या. या दोन टोकांमध्ये मराठी स्त्रीच्या लेखनाचा इतिहास आहे. तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशीमला १९०७ मध्ये जन्मलेल्या गीता साने यांच्या कादंबऱ्यांनाही विस्मरणाचा हा अनुभव चुकला नाही.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले. महदंबेच्या गावी मराठीच्या अध्ययनाची संस्था यावी, यात औचित्य आहे. अशा प्रसंगी गौरवाची भाषा सुलभ असते, आणि 'आद्य' हे विशेषण त्या भाषेत नेमके बसते. पण महदंबेची खरी ओळख परंपरेनेच आपल्याला वेगळी सांगून ठेवली आहे. ती विचारणारी होती. तिला प्रश्न विचारल्याविना तिचा गौरव करणे म्हणजे तिला पुन्हा एकदा केवळ आज्ञाधारक गायिका करणे होय. तिच्या भोवतीच्या मंडळीतील इतर म्हाताऱ्या, ज्यांची नावे ग्रंथांतून ओझरती येतात आणि ज्यांच्यासाठी मराठी टिकली, त्यांच्या वाचनाचे कामही अद्याप व्हावयाचे आहे.